कुशाबाची काळी वायर

कुशाबाचं तेरावं झालं, पंगती उठल्या, मागून आणलेल्या सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, आणि दुपारी जरा पाठ टेकावी म्हणून मालनने दार-खिडकी लोटून ट्यूबचं बटण बंद केलं. ट्यूब विझली म्हणावं, तर दिव्याला तसं म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. ही बया तर धड विझलीही नाही नि धड शांतही झाली नाही.

लालबागच्या त्या चाळीतली खोली अशी, की दार लोटलं की भरदुपारी अंधार. त्या अंधारात ट्यूबच्या अंगात फिकट धुगधुगी राहिली. उजेड म्हणण्यासारखी नव्हे, पण डोळे सरावले की भिंतीवरचा कुशाबाचा हार घातलेला फोटो ओळखू यावा एवढी.

खाली चटईवर मालनची मोठी जाऊ कौसल्या आडवी झाली होती. दिराच्या दिवसांना म्हणून ती गावाहून आली होती. ती उठून बसली, पदर सारखा केला आणि ट्यूबला हात जोडले.

"मालन," ती म्हणाली, "तो गेलो नाय गो."

मालन गप्प राहिली. आणि सगळा घोळ तिथेच सुरू झाला, कारण ट्यूब का पेटतेय हे मालनला त्याच क्षणी ठाऊक होतं.

ठाऊक नसायला काय झालं? ट्यूब तिनेच केलेली. उमेदीची वर्षं तिने वरळीच्या एका रेडिओच्या कारखान्यात टाके घालण्यात घालवली होती, शिवणाचे नव्हेत, कथलाचे. कारखाना बंद पडला, पण हाताची खाज काही गेली नाही. चाळीत कुणी जळकी ट्यूब पट्टीसकट कचऱ्यात टाकायला निघालं की ही जिन्यात आडवी. पट्टीतला जड चोक काढायचा, स्टार्टर काढायचा, आत ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून त्यावर एलईडीच्या माळा चिकटवायच्या, लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेली ड्रायव्हरची, म्हणजे वीज बेताने सोडणारी इवलीशी डबी जोडायची, वरून दुधी प्लास्टिक. पहिली ट्यूब शेजारच्या पद्मजाकडे लावली, ती इतकी निळी निघाली की देवघरातला गणपती आजारी दिसायला लागला. पद्मजाने ती दुसऱ्या दिवशी परत केली आणि चार दिवस बोलली नाही. मग मालनने पिवळी माळ नि पांढरी माळ शेजारी शेजारी लावून पाहिली, तेव्हा कुठे गणपतीच्या तोंडावर तजेला आला. नंतर मजल्यावरच्या अर्ध्या घरांत तिच्या ट्यूबा लागल्या. घरचा माळा तेवढा वायरी, पट्ट्या नि जळक्या चोकांनी भरून गेला.

नव्हती ती फक्त तिच्या स्वतःच्या घरात. माझ्या डोक्यावर तुझे प्रयोग नकोत, असं कुशाबाने साफ सांगितलेलं. त्याला आपली जुनीच ट्यूब हवी, तीनदा डोळे मिचकावून मग लागणारी. गिरणी गेली, नंतरची वॉचमनकी गेली, पण ती ट्यूब त्याने सोडली नाही. अंथरूण धरलं तेव्हा मात्र त्या फडफडीने त्याचं डोकं उठायला लागलं, आणि एके दिवशी भिंतीकडे तोंड करून तो पुटपुटला, लाव तुझी. मालनने जीव ओतून ट्यूब केली. ती लावली त्या दिवसापासून बंद कशी ती केलीच नव्हती. आजारी माणसाला अंधार सोसवेना, आणि मग दिवसांत घर अंधारं ठेवायचं नाही म्हणून.

आता वायरिंगचं. खोलीचं वायरिंग कुशाबाने स्वतः केलं होतं, लग्नानंतरच्या वर्षी, उघड्या अंगाने, शिडीवर चढून, मजल्यावरचे सगळे बघायला गोळा करून. लाल वायर म्हणजे फेज, तिच्यातून वीज येते. काळी म्हणजे परतीची. बटण बसवायचं ते लालवर, म्हणजे बंद केलं की वीज दारातच अडते. कुशाबाने नेमकं उलटं केलं. येणारी वीज काळ्या वायरीत घातली, का, तर नव्या कामाला कुणाची नजर लागू नये. बाळाला काजळाची तीट लावतात ना, तसं जिवंत वायरीचं अंग काळं हवं. खालून मालन म्हणाली, अहो, लाल असते फेज. त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला होता, "तू रेडिओ जोड, घर मी जोडतो." लोक हसले. नवी नवरी पण हसली. करते काय?

तेव्हापासून ह्या घरात बटण बंद केलं तरी वीज ट्यूबच्या उंबऱ्यात येऊन बसलेली असायची. जुन्या ट्यूबला तेवढ्याने जाग येत नसे. एलईडीची भूकच चिमणीएवढी, तिला तेवढं पुरलं. एवढीच ती धुगधुगी. भूत नाही नि खेत नाही.

हे मालनने कौसल्येला त्याच दुपारी सांगून टाकायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या दिराला वायरिंग येत नव्हतं? तेराव्याच्या दिवशी? आणि खरं सांगायचं तर तिला ती धुगधुगी आवडली होती. माणूस राख झालेलं, कपडे वाटून झालेले, आणि त्याच्या हातची एक चूक तेवढी घरात जागी. मालन तिच्याखाली चटईवर पडली आणि कुशाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

कौसल्येने मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी गॅलरी गोळा केली. बायका यायच्या, दार लोटायच्या, बटण बंद करायच्या, हात जोडायच्या, चहा पिऊन जायच्या. पद्मजाने तर ट्यूबला अगरबत्ती ओवाळली. मालनला हसू येत होतं नि रडूही येत होतं, आणि ती गप्पच राहिली. गप्प राहण्याची किंमत काय असते ते निलेश आल्यावर कळलं.

निलेश कौसल्येचा मुलगा, कुशाबाचा सख्खा पुतण्या, अँटॉप हिलला भाड्याच्या घरात राहणारा. तो वाईट नव्हता, घाईत होता. चाळ पाडून टॉवर होणार अशी बोलणी चालली होती. ज्याच्या नावावर खोली त्याला फ्लॅट, खोली आता काकीची, आणि काका-काकीला मूलबाळ नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना तेव्हा हाच पुढे झाला होता. म्हणाला होता, काका, खोलीची काळजी करू नको, खोली मी बघतो. आणि कावळा शिवला. चारचौघांनी पाहिलेली गोष्ट. आता ही ट्यूब. निलेशला दोन अधिक दोन करायला वेळ लागला नाही. काकाचा जीव खोलीत अडकलाय, शब्द पुरा झाल्याशिवाय तो जायचा नाही. काकीने खोली निलेशच्या नावावर करायला सही द्यावी आणि आईबरोबर गावाला सुखात राहावं.

मालन म्हणाली, मी कुठे जाणार नाही. त्यावर सगळे वर ट्यूबकडे बघायला लागले. तिने दुसऱ्यांदा सांगितलं, पुन्हा सगळ्यांच्या माना वर. ज्या घरात तिने हयात काढली तिथे तिच्या शब्दापेक्षा तिनेच केलेल्या ट्यूबला वजन आलं होतं. निलेश समजुतीने बोलत होता, तेच तिला जास्त लागलं. त्याने माळ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "काकी, ह्या भंगारासाठी तू एकटी इथे राहणार? गावाला काय कमी आहे तुला?"

गावाला कमी काहीच नव्हतं. फणस होते, विहीर होती, आणि संध्याकाळी सातलाच सगळं सामसूम. तिथे लॅमिंग्टन रोड नव्हता, जळकी ट्यूब घेऊन दारात उभं राहणारं कुणी नव्हतं. तिथे ती कुशाबाची बायको म्हणून पडवीत बसली असती, कुणी वाढेल ते खात. इथे ती मालन होती. हे सुटलं तर आपण उरणारच नाही, हे तिला लख्ख कळत होतं, आणि त्या दिवसापासून तिला ट्यूबची ती धुगधुगी आवडेनाशी झाली.

कौसल्येने मधला मार्ग काढला. आपण कुशाबाला गाऱ्हाणं घालू या, म्हणाली. गाऱ्हाणं देवाला घालतात, गणपतीला घालतात, शिमग्याला घालतात. ट्यूबलाइटला गाऱ्हाणं मात्र लालबागने पहिल्यांदाच पाहिलं असेल. रविवारी दुपारी माणसं जमली. दार-खिडकी लावून घेतली, बटण बंद केलं, ट्यूबच्या बरोब्बर खाली पाटावर नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायला रमाकांत काका, चाळीतले सगळ्यांत वडील, कुशाबाच्याच तालुक्यातले. शिमग्याला त्यांचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जायचा. गाऱ्हाण्याची रीत सगळ्यांना ठाऊक. एकाने बोलायचं नि जमलेल्यांनी एका तोंडाने होकार भरायचा, आणि होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

"बा देवा म्हाराजा, बा कुशाबा म्हाराजा," रमाकांत काकांनी सुरू केलं.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तुझ्या दिवसांचा कार्य पार पडला हा. कोणाकडसून काय चूकमाक झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे मालनही म्हणाली. चूक पोटात घालण्याबद्दल तिची तक्रार नव्हती, ती तिने आयुष्यभर घातली होती.

"तुझो जीव ज्या खोलीत अडाकलो हा, ती खोली तुझ्या पुतण्याच्या, निलेशच्या नावार होतली, नि मालन गावाक सुखान रवतली, ह्यो शब्द आमी तुका देतो रे म्हाराजा."

"नाय म्हाराजा," मालन म्हणाली.

ती ओरडली नव्हती. रमाकांत काकांचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात त्यांनी शेकडो गाऱ्हाणी घातली, पण नाय म्हणणारं माणूस त्यांना भेटलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय म्हणायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. निलेश चुकचुकला, म्हणाला, काकी, असं मध्येच बोलू नये, काका ऐकतोय. बायकांनी माना वर केल्या. झालं, पुन्हा ट्यूब.

मालन उठली. माळ्यावरून टेस्टर काढला, स्टूल ओढलं, पदर खोचला. निलेशने तिचा हात धरला, वर हात लावू नको म्हणाला. तिने हात सोडवून घेतला.

"ह्यो दिवो मी केलेलो आसा," ती म्हणाली. "ह्येच्यात कोण आसा नि कोण नाय, ता माका ईचारा."

स्टुलावर चढून तिने दुधी प्लास्टिकचं एक टोक सरकवलं आणि टेस्टर आतल्या वायरीला टेकवला. टेस्टरच्या मुठीत लाल ठिपका पेटला. बटण बंद आहे ना, तिने विचारलं. पद्मजाने चाचपून पाहिलं, बंद होतं. मग ही वीज कुठून आली? कौसल्या हळूच म्हणाली, त्येचो जीव. मालन म्हणाली, वायर.

आणि मग जे इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं ते बोलावंच लागलं. हे वायरिंग ह्यांनी केलं, उलटं केलं, काळीत फेज घातली. बोलताना तिचे कान तापले. समोर हार घातलेला फोटो, खाली त्याची वहिनी, त्याचा पुतण्या, त्याचे गाववाले, आणि ती स्टुलावर उभी राहून गेलेल्या नवऱ्याच्या चुका काढतेय. लाज वाटली तिला, फार वाटली. पण लाज वाटली म्हणून कुणी घर सोडत नाही.

निलेशने तेच पकडलं. तो गेल्यावर त्याला मूर्ख ठरवतेस होय, म्हणाला. दोन-तीन जण हुंकारले.

"ते होते तेव्हाही म्हटलं होतं," मालन म्हणाली. "ह्याच खोलीत, चार माणसांत. तेव्हा हसलात, आता रागावताय. ऐकलं कधीच नाहीत."

तिने मेन स्विच पाडला. पंखा घरघरत थांबला, आणि त्याबरोबर ट्यूबमधली धुगधुगीही गेली. एखाद्याने चटकन पापणी मिटावी तशी गेली. कौसल्येच्या तोंडून बारीक आवाज निघाला. पद्मजाने मोबाइलची बॅटरी धरली. मालनने दाराशेजारचा लाकडी बोर्ड उघडला. आत जुन्या वायरी, त्यांवर तेलकट धूळ, आणि काळ्या वायरीला दोऱ्याने घट्ट बांधलेला एक काळा मणी.

मालनने तो लगेच ओळखला. लग्नानंतरच्या वर्षी तिचं मंगळसूत्र तुटलं होतं. सगळे मणी वेचले, एक मिळाला नाही, तो शोधायला तिने अख्खी खोली पालथी घातली होती. कुशाबा शिडीवर उभा राहून बघत होता. चकार शब्द बोलला नव्हता. तिच्या गळ्यातला मणी त्याने ह्या घराच्या गळ्यात बांधला होता, नजर लागू नये म्हणून. आणि तिचा गळा दहाव्या दिवशीच ओका केला होता लोकांनी.

तिचे हात थांबले. वाटलं, राहू दे. चुकलं असेल, उलटं असेल, पण त्याने बांधलंय. पेटू दे थोडीशी ट्यूब, कुणाचं काय जातं? मग मागे निलेश खाकरला, आणि कुणाचं काय जातं ते तिला आठवलं. तिने दोरा सोडला, मणी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला, पेचकसाने स्क्रू सैल केले आणि काळी काढून लालच्या जागी, लाल काढून काळीच्या जागी घातली. काम एवढंसंच होतं. पद्मजाने बॅटरी विझवली, मालनने मेन वर केला. पंखा फिरला. बटण दाबलं, ट्यूब लागली. बटण बंद केलं.

काळोख झाला. नुसता, साधा, स्वच्छ काळोख. सगळे वर बघत राहिले, डोळे सरावायची वाट बघत राहिले, पण वर बघायला काहीच उरलं नव्हतं. मालनने पदराची गाठ मुठीत धरली. अंधारात कोण बघतंय?

"आता गेलो," कौसल्या म्हणाली आणि रडायला लागली.

"ते त्याच दिवशी गेले, अक्का. माझ्या मांडीवर डोकं होतं."

निलेश अजून हटेना. आणि कावळा, त्याने विचारलं. कावळा शिवला त्याचं काय?

"कावळ्याला भूक लागली होती," मालन म्हणाली. "तुला काकाला शब्द द्यायचा होता, तर तो अंथरुणावर होता तेव्हा यायचं होतंस. ही ट्यूब चढवताना शिडी धरायला माणूस नव्हतं घरात."

मालनने अंधारात चाचपून पाटावरचा नारळ उचलला. बाईने गाऱ्हाणं घातलेलं त्या चाळीत कुणी ऐकलं नव्हतं. नसेल ऐकलं. घर जोडणंही बाईचं काम नव्हतं. तिने नारळ दोन्ही हातांत धरला, फोटो होता त्या दिशेला तोंड केलं आणि रमाकांत काकांसारखा पल्ल्याचा नव्हे, आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"बा म्हाराजा, तुमी ह्या घर तुमच्या परीन जोडलात. उलटा जोडलात, तरी इतकी वर्सा चालला. आता मी ता सरळ केलंय. हय मी रवतलंय. माझ्या वायरींसकट, माझ्या भंगारासकट रवतलंय. माका हयसून कोणी हलवूचा नाय रे म्हाराजा."

कुणी होकार भरला नाही. गॅलरीतून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. रमाकांत काकांनी नुसता घसा साफ केला. मालन नारळ धरून उभीच राहिली. होकार आला नाही तरी ती बसणार नव्हती. गाऱ्हाणं अडून राहिलं असतं तर तीही तशीच उभी राहिली असती, संध्याकाळ होईपर्यंत, दिवस उगवेपर्यंत.

मग खाली चटईवरून, रडून जड झालेला एक आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

कौसल्या होती. निलेशची आई. तीही कितीतरी वर्षं गावाच्या त्या पडवीत कुणी वाढेल ते खात बसलेली.

तिच्या मागोमाग रमाकांत काका सवयीने म्हणून गेले, मग पद्मजा, मग दाराबाहेर कान लावून उभी असलेली सगळी गॅलरी. निलेश व्हय म्हणाला नाही, पण नाय म्हणायलाही त्याचा आवाज फुटला नाही.

मालनने बटण दाबलं. ट्यूब लख्ख लागली. तिने सवयीने तिला हात जोडले, आणि मग कोयती शोधायला लागली, कारण मंडळी सगळी खोबऱ्यासाठी थांबली होती.